साळोबाची सुधारत जाणारी कोठी

एका जंगलात, बाळांनो, साळोबा नावाचं साळिंदर राहायचं. इतकं हुशार, की आज केलेलं काम त्याला उद्या आवडायचंच नाही.

त्याने टेकडीच्या पोटात मोठी कोठी खणली. सगळ्या जनावरांचा साठा एकाच जागी. ज्याने त्याने आपल्या कप्प्यावर खूण करायची, तीच दारात सांगून साठा काढायचा. दारावर पाटी होती, ‘काम चालू आहे. आपापल्या जबाबदारीवर ठेवावे.’ पाटीला पाच वर्षं झाली होती. त्यामुळे ती कुणी वाचत नसे.

झुमरी खारीला तीन पिल्लं. पावसाळ्याची बेगमी म्हणून तिने सगळ्या चारोळ्या कोठीत ठेवल्या आणि कप्प्यावर नखाने दोन रेघा ओढल्या.

“साळोबादादा, खुणा बदलणार नाहीत ना?”

“छे गं ताई. आता कायमच्या.”

पंधरा दिवसांनी रेघा गेल्या, पानांच्या घड्या आल्या. मग घड्याही गेल्या, वेलीच्या गाठी आल्या. साळोबा खोटं बोलला असं नाही हं. प्रत्येक नवी खूण आधीच्यापेक्षा खरंच चांगली होती.

आभाळ भरून आलं. घरात दाणा नाही, पिल्लं चिवचिवाट करताहेत. झुमरी धावत कोठीवर गेली. दारात राखणीला घोरपड बसली होती.

“दोन रेघा,” झुमरी म्हणाली.

“रेघा? अगं बाई, कुठल्या जमान्यातली तू! आता गाठ लागते.”

“पण माझ्या चारोळ्या आहेत ना आत?”

“आहेत की. एक दाणा हललेला नाही. फक्त निघत नाहीत.”

तेवढ्यात साळोबा आला. “सोपं आहे, ताई. साठा बाहेर काढ, गाठ मारून परत आत ठेव. मग हवा तेव्हा काढ.”

“अरे मेल्या, बाहेर काढायलाच आलेय मी!”

“मग त्याला गाठ लागेल,” साळोबा शांतपणे म्हणाला.

झुमरी तडक टेकडीच्या मागे गेली आणि भिंत कुरतडायला लागली. भोक पडलं. चारोळ्या बदाबदा बाहेर आल्या. समोरच्या टिटवीचं लक्ष होतंच, तिने बोभाटा केला. सगळं जंगल भोकाशी जमलं. कुणाकडेच गाठ नव्हती! दुपारपर्यंत कोठी रिकामी.

साळोबा धापा टाकत आला. आतून फिरून आला. आता हा चिडणार, असं सगळ्यांना वाटलं. तर त्याच्या डोळ्यांत पाणी!

“पहिल्यांदाच,” तो म्हणाला, “नव्या खुणेशी न जुळणारं आत काहीच नाही. कोठी स्थिर झाली!”

जंगलाने त्याचा सत्कार केला. झुमरीनेही टाळ्या वाजवल्या. तोंडात चारोळी होती, म्हणून बोलली काही नाही.

तात्पर्य : नव्या गोष्टीला उगाच नावं ठेवू नयेत, बाळांनो. आपलं किडूकमिडूक खुशाल तिथं ठेवावं. फक्त त्याआधी सहज फिरत फिरत मागे जाऊन, भिंत कुठं पातळ आहे, तेवढं बघून यावं.