जुन्या स्पीकरची इभ्रत

"या घरात नवा स्पीकर येणार नाही!" रेडिओकाका कडाडले आणि त्यांनी कप इतक्या जोरात आपटला की बशीला तडा गेला.

आता बशी मात्र नवी आणावी लागेल, असं काकूंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांचा संसार जुना होता. त्यांनी ते गिळलं.

काकांचा संताप अगदीच अनाठायी होता असं नाही. कोपऱ्यावर त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ गेले, नाव तेवढं राहिलं. आता मिक्सर, इस्त्री, पंखा, ज्याचं जे बिघडेल ते यायचं. 'फेकू नका, दुरुस्त करून मिळेल' ही पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली. अशा माणसाच्या सुनेनेच, सासऱ्याने पुन्हापुन्हा दुरुस्त केलेला स्पीकर टाकून नवा आणायचा? गिऱ्हाइकांनी काय समजायचं मग?

"बाबा, माझा वर्ग बंद पडेल हो," सून काकुळतीला आली. संध्याकाळी ती सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांचा व्यायामाचा वर्ग घ्यायची. "काल सगळ्यांचा एकेक पाय वर होता आणि गाणंच बंद पडलं. पाय खाली कधी घ्यायचा ते कुणाला कळेना. दोघी वर्ग सोडून गेल्या."

"त्यांना व्यायामच नको असेल! निमित्त माझ्या स्पीकरचं!"

"आणि मधेच ती आतली बाई 'बॅटरी लो' म्हणून ओरडते."

"सांगते तरी! हल्लीच्या वस्तू न सांगता जातात. अगं, या कंपन्यांना लाजच उरलेली नाही. दरवर्षी तोच डबा, इकडचं बटण तिकडे, आणि म्हणे नवं मॉडेल! वर रंगीत दिवे! स्पीकर ऐकायचा असतो की बघायचा?"

"म्हणूनच ऐकून ठरवू," सून शांतपणे म्हणाली. त्याच कंपनीचा नवा स्पीकर तिने दुकानदाराकडून बघायला म्हणून आणलेला होता. "आज वर्गात दोन्ही वाजवते. तुम्ही डोळे बांधून बसा. तुम्हाला ज्याचा आवाज आवडेल, तो ठेवायचा."

"उभा जन्म आवाज ऐकण्यात गेलाय माझा. माझा स्पीकर मी झोपेतसुद्धा ओळखेन. नाही ओळखला तर दुकानाची पाटी खाली उतरवीन!"

"अहो, पाटीला कशाला मधे आणता?" काकू घाबरल्या.

"आणली!"

काकांनी स्पीकर दुकानात नेला. उघडला, पुसला, झटकला. बॅटरी बाहेर काढून ती आपल्या खास चार्जरवर लावली, कारण कंपनीच्या चार्जरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तेवढ्यात मिक्सर घेऊन सोसायटीतल्या एक काकू आल्या. सगळे स्क्रू आवळता आवळता काकांनी त्यांना या अन्यायाची कहाणी तावातावाने ऐकवली, आणि त्यांनी ती सबंध सोसायटीला. संध्याकाळी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सोडून गेलेल्या दोघीही आल्या होत्या. व्यायामाला नाही, बघायला.

दोन्ही स्पीकर पुढच्या टेबलावर मांडले. मधोमध खुर्चीवर काका, डोळ्यांवर सुनेची ओढणी. गाणं सुरू झालं. काकांनी कडू औषध प्यायल्यासारखं तोंड केलं.

"बंद करा! हा नवा! पत्र्याच्या डब्यात खडे हलवतंय जणू कुणी. खर्ज नाही, खोली नाही, नुसता कलकलाट!"

"माझं तर डोकंच दुखायला लागलं," पुढे बसलेल्या शाळेच्या बाई म्हणाल्या. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. काकांनी सांगितल्यावर कान असलेल्या कुणालाही ते नाकारता येईना.

सुनेने फोनवर जुन्या स्पीकरच्या नावाला बोट लावलं आणि तेच गाणं पुन्हा लावलं. काकांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"आहाहा! याला म्हणतात आवाज! हा माझा!" ते सद्गदित झाले. बाईंचं डोकंही तत्काळ दुखायचं थांबलं.

काकूंना नवऱ्याचं कौतुक दाटून आलं. त्यांनी जुना स्पीकर उचलला आणि काकांच्या हातात आणून दिला. "घ्या, जवळून ऐका. किती हलका लागतोय हो हा आज!"

काकांनी तो कानाशी धरला. गाणं मात्र टेबलावरच राहिलं होतं. बायका एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या.

"बघ, कानाशी धरला तरी कसा लांबून येतोय आवाज," काका म्हणाले. "खोली म्हणतात ती हीच!"

मागून कुणाला तरी हसू आवरेना. मिक्सरवाल्या काकू हळूच म्हणाल्या, "काका, याचा तर दिवासुद्धा लागलेला नाही."

काकांनी ओढणी ओढून काढली. हातातल्या स्पीकरकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. मग स्पीकर हलवला, आणि त्यांचा चेहरा पडला. बॅटरी अजून दुकानात चार्ज होत होती. जुना स्पीकर फोनला जोडलाच गेला नव्हता, म्हणून फोनने दोन्ही वेळा नवाच वाजवला होता.

सुनेला स्पीकर हवा होता. पाटी उतरवायला नको होती. "माझ्या फोनचीच चूक आहे, बाबा," ती म्हणाली. काकांकडे बघायचं धैर्य कुणालाच होईना.

आणि काका ताडकन उठले. "मग पहिल्या वेळेला हा पत्र्यासारखा का वाजला?"

"कोण?"

"हा तुमचा नवा! आधी खडखड, मग सुरेल. म्हणजे आत काहीतरी सैल आहे! तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. ऐकलंय की नाही?"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. "ऐकलं तर!" बाई म्हणाल्या. "माझं डोकं काय उगाच दुखलं?"

"बिघडलेला माल नवा म्हणून विकतात, चोर लेकाचे!" काकांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर उपसला.

"बाबा, नको! सील तुटलं तर दुकानदार परत घेणार नाही!"

सील तुटलं होतं. काकांनी आत बराच वेळ डोकावून पाहिलं, मुळातच घट्ट असलेला एक स्क्रू आणखी घट्ट केला आणि झाकण लावलं. "वाजव आता."

तेच गाणं पुन्हा लागलं.

"केवढा फरक पडला हो!" सगळ्याजणी एका सुरात म्हणाल्या.

"पण अहो," काकूंनी भीत भीत विचारलं, "नवा स्पीकर घरात येणार नव्हता ना?"

"नवा कुठला?" काका उसळले. "सील तुटलेला, माझ्या हातून दुरुस्त होऊन गेलेला! याला नवा कोण म्हणेल?" त्यांनी तो सुनेच्या हातात ठेवला. "जपून वापर गं. जुनी वस्तू आहे."