न झालेली चौथी

आमचं शालेय शिक्षण अकरा वर्षांचं होतं. नव्या कायद्याने ते बारा वर्षांचं झालं. जगात बहुतेक ठिकाणी बारा, मग आपणच का मागे, असा सरकारचा रास्त सवाल होता. बारा वर्षं भरायला खरं तर बारा वर्षं लागली असती. पण सरकार कामाला वाघ. आम्ही किरगिझ माणसं मेंढरं घेऊन उन्हाळी कुरणांवर गेलो, तेवढ्यात राजधानीत एका सहीने सगळी मुलं एकेक इयत्ता वर चढली. तिसरी संपवून डोंगर चढलेली पोरं उतरली ती थेट पाचवीत.

मी इथला मुख्याध्यापक. पहिल्याच दिवशी, अशीच पाचवीत पोचलेल्या आयपेरीची आई चिनाराबाई दारात उभ्या.

"सर, चौथी कुठं गेली?"

"ती झाली असं समजण्यात आलं आहे."

"कुणी समजलं?"

"सक्षम अधिकाऱ्याने."

"मग वसंतात पोरीची गणिताच्या शाळेची प्रवेशपरीक्षाही त्यालाच द्यायला सांगा. भागाकार चौथीत होता ना? पोरगी रोज डोकं खाते, कधी शिकवणार म्हणून."

"भागाकारही येतो असं समजण्यात आलंय, बाई."

मला वाईट वाटलं. पण पाचवीच्या वेळापत्रकात भागाकार नाही आणि पाचवीच्या पोरीला चौथीत बसवता येत नाही. मी वर विचारणा केली, तर तपासनीस कुबानसाहेब जातीने आले. मेंढा कापणं आलंच.

आमच्यात मटणाची हाडं वयाच्या मानाने वाटतात, वय जितकं मोठं तितकं मानाचं हाड मोठं. त्या दिवशी वयाने दुसरे असलेले म्हातारे अडून बसले. "पोरं न शिकता एक पायरी चढली, मग आम्ही काय घोडं मारलंय?" झालं, जो तो वरच्या मानाचं हाड मागायला लागला. लहान हाडाला कुणी वाली उरला नाही, मोठ्याला दोन दावेदार.

साहेबांनी गंभीरपणे निर्णय दिला, "मेंढे दोन होते असं समजा." गावातले सर्वांत वडील तोलोमुश आजोबा समजलेल्या मेंढ्याचं हाड चोखून उपाशी घरी गेले. साहेबांचा शेरा आला, 'अंमलबजावणी समाधानकारक'.

वसंतात आयपेरी प्रवेशपरीक्षेत भागाकाराची गणितं कोरी सोडून आली आणि नापास झाली. "सर, आता हिला पास समजा," चिनाराबाई म्हणाल्या.

हसताय? हसा. पण त्या वर्षभर गावात जो भेटेल तो आयपेरीला विचारायचा, "कितवीत गं तू?" ती पाचवी म्हणायची आणि शाबासकी मिळायची. काय येतं, हे एकानेही विचारलं नाही. तुम्ही शेजारच्या पोराला काय विचारता?