चाँदसाब मास्तरांची मरळ

चाँदसाब मास्तर गावात आले आणि आमच्या घरच्या अंघोळी खोळंबल्या, कारण घंगाळात मरळ सोडली होती. आमचे मामंजी कुरकुरले, तर मास्तर म्हणाले, "अण्णा, जरा सबर. तुमी उद्याबी न्हाताल. बाई आज चितरासाठी नीट बसलीया, तिचं उद्याचं कुणी सांगावं?"

बाई म्हणजे मासा. ह्या माणसाला मासा सोडून दुसरं काही दिसतच नसे. गट विकासवाल्यांनी त्यांना गावोगाव दोन-दोन महिने मुक्कामाला धाडलं होतं, चावडीच्या भिंती रंगवा आणि लोकांना चित्रं काढायला शिकवा म्हणून. साहेबांच्या मनात नांगर, बैल, फार तर डास. मास्तरांनी भूमपासून बेंबळीपर्यंत मरळ, वाम आणि शिंगटे रंगवून ठेवले. प्यायला पाणी नाही तिथं मासे कशाला, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा म्हणाले, "म्हणून तर साब. पाण्यातला मरतो, भिंतीवरला ऱ्हातो."

आम्हा बायकांचा वर्ग दुपारी मारुतीच्या पारावर भरायचा. गेरू, चुना, नीळ आणि काजळ, एवढेच आमचे रंग. पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, मासा काढा. आता आम्ही मासा जवळून बघितलेला तो आठवडी बाजारात, सुकवलेला. सगळ्याजणींनी तसाच काढला: चपटा, आ वासलेला, डोळ्याच्या जागी भोक. मास्तर एकेक पाटी बघत गेले आणि डोक्याला हात लावून बसले. "बायांनो, ह्यो मासा न्हाय, मय्यत हाय."

म्हणून मग गावविहिरीतली जिवंत मरळ आमच्या घंगाळात आली. ती बघून काढलेली चित्रं जरा बरी निघाली, फक्त गंगू सुतारणीनं तिच्या मरळीला नथ घातली. मास्तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं, कुणाच्या तरी लग्नाला निघाली आसंल."

स्वतः मात्र मासा खात नसत. ताटात आला तर ताट सरकवून उठत, आणि वाढणारीला वाईट वाटू नये म्हणून दोन भाकरी जास्त खात. असा लई तऱ्हेवाईक माणूस.

वैशाखात विहीर तळाला गेली आणि पंचांनी गाळ काढायला घेतला. गाळ काढील त्याचा मासा, ही गावची जुनी रीत. मास्तरांना कळलं तसे ते हातातला कुंचला न धुता धावत सुटले, आणि त्यांची फजिती बघायला आम्ही सगळ्याजणी मागोमाग. खाली गुडघाभर पाण्यात दोन मरळी फिरत होत्या आणि त्यांच्या मधोमध तांबड्या पिलांचा झुबका. रामा वडार टोपली घेऊन उतरलाच होता.

मास्तर पायऱ्या उतरून चिखलात उभे राहिले आणि त्यांनी रामाला हात जोडले. रामा गोंधळला. म्हणाला, चार घरांचं कालवण हाय मास्तर, आन् तुमी तर खातबी न्हाय.

"रामा, मरळीत नुसती आई न्हाय, बापबी पिलं राखतो," मास्तर म्हणाले. "ही दोघं बघ, पाणी आटलं तरी हलली न्हाईत. माझी बायकू दोन पोरं घिऊन भावासंगं कराचीला गेली. चल म्हणली, तर म्या म्हणलो, तिकडं खारं पाणी, आपली मरळ कुठं घावायची? तिला वाटलं चेष्टा करतोय. पोरं टेसनावर माझा सदरा सोडत नव्हती रं. म्या सोडवला."

वर आमच्यातल्या कुणाला हसू फुटलं नाही.

रामानं टोपली ठेवली आणि वर बघून बायकोला दोन घागरी सोडायला सांगितल्या. "मळ्यातल्या हिरीला पाणी हाय, मास्तर. तिथं सोडू समदी. आमी आज ठेचा खाऊ."

दोन्ही मरळी एका घागरीत गेल्या, पिलं दुसरीत. मळ्याच्या वाटेला लागलो तेव्हा मास्तर म्हणाले, पिलांची घागर माझ्याकडं द्या. ऊन मी म्हणत होतं. त्यांनी डोईचा पटका सोडून घागरीवर धरला आणि उघड्या डोक्यानं चालू लागले.