हद्दीपलीकडचे देवधर

या, जरा जवळ सरका, असं दारात उभं राहून काय बोलता? आणि आधीच सांगते, पुन्हा कुणाला म्हणू नका की ही बाई हेगला राहते. मी रायस्वाइकला राहते, हेगला खेटून असलेल्या गावात. हेग वेगळं, रायस्वाइक वेगळं. मला स्वतःला काही फरक पडत नाही हो, पण देवधर भावजींच्या कानावर गेलं तर तुमची दुपार गेली म्हणून समजा.

देवधर आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे, मुलीकडे. त्याआधी सगळा जन्म इंग्लंडात, लेस्टरच्या बाजूला गेला. बाजूला म्हणायचं बरं का, लेस्टरला नाही. घर ओडबीला, आणि ओडबी शहराच्या हद्दीबाहेर. तिथे कचरा उचलायचा बरोने, म्हणजे त्यांच्या छोट्या नगरपालिकेने. नेऊन टाकायचा कौंटीने, म्हणजे जिल्ह्याने. लेस्टर शहराने त्यात नाक खुपसायचं नाही. हे मला पाठ आहे, कारण गणपतीच्या जेवणानंतर त्यांनी सगळ्यांची ताटं उचलली, सिंकपाशी आणून ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, उचलणं बरोकडे होतं, ते झालं. घासणं कौंटीकडे." आणि खुशाल बडीशेप चघळत बसले.

"हा विषय कुणाच्या अखत्यारीतला?" हे त्यांचं पालुपद. दूध उतू चाललं तरी आधी हे विचारणार, मग शेगडी बंद करणार. ट्रामने हेगला निघालं की एका ठरलेल्या पुलावर हात वर करून मोठ्याने जाहीर करायचे की रायस्वाइक संपलं. डच माणसं दचकून बाहेर बघायची. बाहेर तोच कालवा, त्याच सायकली. एक म्हातारी तर काय झालं न कळून पुढच्या थांब्यावर उतरूनच गेली.

अशा माणसाच्या मुलीने, मुग्धाने, घर घेतलं ते नेमकं हेगला. पुलापलीकडे, ट्रामने दोन थांबे. भावजी हटून बसले. तिकडची कचऱ्याची तऱ्हा वेगळी, पार्किंगचे नियम वेगळे, खेमेन्ते, म्हणजे नगरपालिका, वेगळी. किल्ल्या हातात यायची वेळ आली तरी यांची बॅग माळ्यावरच. मुग्धा रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली. काकू, तुमचं ऐकतील, तुम्ही सांगा.

मी आलं घालून चहा केला, त्यांना खाली बोलावलं आणि सरळ विचारलं, कचऱ्याचं राहू द्या, खरं काय ते बोला.

त्यांनी कप संपवला आणि मग सांगितलं. आधी ते आणि त्यांची बायको, सुधावहिनी, लेस्टर शहरातच राहायचे, गल्लीभर आपली माणसं. ओडबीला घर घेतलं तेव्हा सगळे म्हणाले, येतो हं रविवारी. सुधावहिनी दर रविवारी कोथिंबीर वड्या जास्तीच्या करायच्या. सोमवारी त्या वड्या भावजींच्या डब्यात जायच्या.

"वहिनी, बससुद्धा तीच जायची," ते म्हणाले. "लांबही नव्हतं. पण हद्द ओलांडली की माणसं येत नाहीत. सुधा गेली, तोवर वाट बघत होती."

जा म्हटलं, नाही गेलात तर पोरीचं मन मोडेल.

गेले एकदाचे. पहिल्याच रविवारी आम्ही अख्ख्या जिन्यातले शेजारी ट्राममध्ये बसलो. इथे चहाला जायचं तरी आधी दिवस ठरवून घ्यावा लागतो, पण आम्ही कुणाला विचारलं नाही, कळवलंही नाही. ट्राम थांबली तर भावजी थांब्यावर, ठेवणीतला कोट घालून, एकटेच उभे.

"हद्द ओलांडून आलात?" म्हणाले.

"कुठली हद्द? आम्हाला तर दिसली नाही बाई," मी म्हटलं.

घरी पोचलो तर वड्या तयार, त्यांनी स्वतः केलेल्या, एका बाजूने करपलेल्या. त्या दुपारी नगरपालिकेचा विषय निघाला नाही. मुग्धा मला हळूच म्हणाली, बाबा सकाळपासून तीनदा थांब्यावर जाऊन आले.

अजूनही दर रविवारी जास्तीच्याच करतात. हात बसलाय आता, करपत नाहीत. तेव्हा तुम्ही पुढच्या वेळी माझ्याकडे उतरलात की आपण दोघी मिळून जाऊ. बघू, सवड काढू, असलं काही सांगू नका मला. या. लवकर या.