कुंपणावरची चव

"मस्कादे," जेफ्री म्हणाला, नातवाचं नाव सांगावं इतक्या मायेने, आणि त्याने कुंपणावरून बाटली पुढे केली. "फ्रान्सची वाइन. पांढरी, एकदम ड्राय, गोडाचा लवलेश नाही. कशी वाटली ते सांगा. कशासोबत घेतलीत ते तर आधी सांगा!"

सम्यक मेश्राम खरं तर घराच्या एक्स्टेन्शनचे नकाशे दाखवायला गेला होता. नागपूरहून इंग्लंडला आलेल्या त्याच्या आईला, गयाबाईला, जिना चढवत नव्हता. तीन महिने ती हॉलमधल्या सोफ्यावर झोपत होती. मागे तिच्यासाठी खोली काढायची, तर शेजाऱ्याने कौन्सिलकडे हरकत घेता कामा नये, आणि शेजारी म्हणजे हाच. त्याला तोंडावर कसं सांगायचं, की आम्ही दर रविवारी पंचशील म्हणतो, दारूला शिवत नाही? सम्यकने थँक यू म्हणून बाटली घेतली आणि जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे ढकलली.

दुसऱ्या दिवशी जेफ्री कुंपणापाशी हजर.

"कशी होती?"

"छान."

"कशासोबत?"

"वांग्याच्या भाजीसोबत."

जेफ्रीचा चेहरा असा पडला, जणू त्याच्या घरात काही बरंवाईट झालं. गेली खोली! सम्यकने घरात येऊन पंधरा वर्षांच्या लेकीला, धम्मशीलाला, गाठलं.

"बाबा, चिल! ही साइट बघा." तिने दोन मिनिटांत मस्कादेचं परीक्षण शोधून काढलं. "पाठ करा. लिंबाची साल, समुद्राचा खारा वारा, आणि पावसात भिजलेल्या चर्चच्या भिंतीला जीभ लावल्यासारखी चव. सोबत शिंपले."

"भिंतीला जीभ कोण लावतं गं?"

"तुम्ही! काल रात्री लावली तुम्ही."

सम्यकने ते सगळं कुंपणापाशी जाऊन म्हणून दाखवलं. जेफ्रीने डोळे मिटले. "चर्चची भिंत," तो पुटपुटला, आणि आत जाऊन दुसरी बाटली घेऊन आला. शाब्ली, कालवांसोबत. मग सान्सेर, बकरीच्या चीजसोबत. चौथ्या बाटलीला त्याने विचारलं, "तुमच्याकडून माशांचा वास कसा येत नाही हो?" तेव्हापासून सम्यक सगळ्या खिडक्या उघड्या टाकून मासे तळायला लागला. गयाबाई खूश. "लेकाले इंग्लंडात येऊन अक्कल आली," ती म्हणाली.

ही खुशी रविवारपर्यंत टिकली. गुडघ्याला लावायचं तेल शोधायला गयाबाईने जिन्याखालचं कपाट उघडलं. बुद्धवंदना आटोपून सम्यक वळतो तो काय, टेबलावर चार बाटल्या एका रांगेत.

"पेतोस का रे?"

"नाही आई! एक थेंब नाही. सील बघ ना."

"मंग त्या म्हाताऱ्याले रोज कुंपणापाशी काय सांगत होतास?"

धम्मशीलाने चर्चच्या भिंतीपासून सगळं घडाघडा सांगून टाकलं.

"म्हणजे पाचवं शील वाचवाले चौथं मोडलं," गयाबाई शांतपणे म्हणाली. चौथं म्हणजे खोटं न बोलण्याचं. "कोणासाठी?"

"तुझ्या खोलीसाठी."

"खोटं बोलून बांधलेल्या खोलीत मले झोप लागन का? त्यापरीस सोफा बरा. जा, खरं सांगून ये."

जावं लागलंच नाही. बेल वाजली. दारात जेफ्री, हातात पाचवी बाटली. सम्यकने पायपुसण्याकडे बघत एका दमात सगळं सांगितलं. आम्ही पीत नाही, एकही चाखली नाही, ती वर्णनं दुसऱ्या कुणाची तरी.

"माझी," जेफ्री म्हणाला.

"काय?"

"नऊ वर्षं मीच लिहायचो त्या साइटवर. चर्चची भिंत ऐकली आणि लगेच कळलं मला." त्याने बाटली हळूच खाली ठेवली. "दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी वाइन बंद केली. बाटल्या राहिल्या, चव विसरायला लागलो. मग तुम्ही माझीच वाक्यं मला ऐकवलीत, आणि तेवढ्यापुरती ती जिभेवर यायची. म्हणून देत गेलो. खोटं मीही बोललोच की."

"आणि कौन्सिल?" सम्यकच्या तोंडून निसटलंच.

"हरकत नाही म्हणून पहिल्याच आठवड्यात कळवलं. आईला जिना चढवत नाही, असं नकाशे दाखवताना म्हणाला होतात ना?"

धम्मशीलाने आजीला सगळं मराठीत सांगितलं. गयाबाईने सोफ्यावरचं अंथरूण सारून त्या म्हाताऱ्याला जागा केली.

"त्याले विचार, जेवला का."

ज्वारीची भाकरी आणि सुकटीची चटणी पानात पडली. जेफ्रीने पहिला घास घेतला, डोळे मिटले, सावकाश चावला. सगळे श्वास रोखून बघत होते. आता हा कोणती वाइन सांगतो? जेफ्रीच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"पाणी," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी धम्मशीला फोन नाचवत खाली आली. साइटवर दोन वर्षांनी नवं परीक्षण आलं होतं: 'सुकटीची चटणी, ज्वारीची भाकरी. समुद्राचा वारा भरपूर. भिंत मात्र पहिल्याच घासाला कोसळली. सोबत नळाचं पाणी, तीन ग्लास. पाच तारे.'