रुइफांगला इंग्रजी येत नाही

"पांगपांग... आज... सगळं... खाल्लं!" बालवाडीच्या केलीबाईंनी एकेक शब्द सुटा करून, चढ्या आवाजात सांगितलं आणि स्वतःच्या पोटावरून गोल गोल हात फिरवला. मग त्या रुइफांगकडे इतक्या मायेने पाहत राहिल्या, की मुलांना न्यायला आलेल्या दोन-तीन आयाही हसऱ्या तोंडाने थबकल्या.

रुइफांग गोंधळली. ऑस्ट्रेलियातल्या मॅके गावातल्या एका विमा कंपनीत ती तक्रार विभागाची प्रमुख होती. वादळात ज्यांची छपरं उडाली, ज्यांच्या दिवाणखान्यात पाणी शिरलं, अशी माणसं दिवसभर तिला फोनवर इंग्रजीतून फाडून खायची आणि ती त्यांना इंग्रजीतूनच गार करायची. केलीबाईंना उत्तर देणं तिला अगदी सोपं होतं. पण शेजारी पाच वर्षांचा पांगपांग बोट धरून उभा होता, म्हणून तिने नुसती मान डोलावली आणि तिथेच तिचं चुकलं.

गाडीत बसल्यावर तिने चिनीत विचारलं, "काय रे, केलीबाई अशा का बोलत होत्या?"

"मी सांगितलं ना त्यांना. माझ्या आईला इंग्रजी येत नाही म्हणून."

"आणखी काय सांगितलंस?"

"तू ऑफिसात जातेस, तिथं लोक फोनवर तुझ्यावर ओरडत बसतात आणि तुला बिचारीला काही कळतच नाही. म्हणून तुला एकपण मैत्रीण नाही."

मागच्या सीटवर त्याची आठ वर्षांची बहीण शिनयी फिस्सकन हसली. रुइफांग पुढे चाललेल्या उसाच्या ट्रककडे बघत राहिली. बाकीचं सगळं पोराच्या डोक्यातून निघालेलं होतं, पण शेवटचं वाक्य तिला नको तिथे लागलं. इंग्रजी फाडफाड येत असूनही ते खरं होतं.

या सगळ्याचं मूळ शिनयीत होतं. शाळेत जायला लागल्यावर पोरीची चिनी भाषा साबणाच्या वडीसारखी झिजत गेली. चीनमधल्या हुनानहून आजीचा व्हिडिओ कॉल आला की ही "हं" आणि "ओके" एवढ्यावर भागवायची. "तुझी लेक माझ्याशी बँकेतल्या माणसाशी बोलावं तसं बोलते," असं आजी एकदा म्हणाली आणि फोन लवकर ठेवून दिला. पांगपांगच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही, असं रुइफांगने मनाशी पक्कं केलं. त्याच्यासमोर तिने इंग्रजी सोडूनच दिलं. त्याने इंग्रजीत रस मागितला की ती भिंतीसारखं तोंड करायची. ऑफिसचा फोन आला की कपडे धुण्याच्या खोलीत शिरून दार लावून घ्यायची. पोराला संशय आला नाही, उलट कीवच आली. दुकानात तोच पुढे व्हायचा, "माझी आई विचारतेय, कोथिंबीर कुठंय?"

यात तिचा स्वतःचाही स्वार्थ होता. नवरा गुओलियांग कोळशाच्या खाणीवर वीज विभागात. घरी आला की निम्मा वेळ झोपलेला, उरलेला वेळ परत जायच्या तयारीत. गावात दोन-चार चिनी कुटुंबं होती, ती कँटनकडची, आपल्या वेगळ्या भाषेत आणि आपल्या हॉटेलांत बुडालेली. दिवसभरात जिच्यात तिला मनातलं बोलता यायचं, ती भाषा तिच्याशी बोलणारा सगळ्या मॅकेत एकच माणूस होता आणि त्याला अजून बुटाचे बंद बांधता येत नव्हते. तोही इंग्रजीत गेला असता, तर तिच्याशी बोलायला कोणी उरलं नसतं.

पण बालवाडीतला गैरसमज दूर करणं भाग होतं. सोमवारी ऑफिसातून तिने फोन लावला.

"नमस्कार, मी पांगपांगची आई बोलतेय. थोडा गैरसमज झालाय, तो—"

पलीकडे केलीबाईंचा आवाज थंड झाला. "कोण बोलतंय?"

"पांगपांगची आई."

"पांगपांगच्या आईला इंग्रजी येत नाही."

"तेच तर सांगतेय! मला येतं!"

"हे बघा बाई, तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. पण मुलांची माहिती आम्ही परक्या माणसांना देत नसतो. पुन्हा फोन केलात तर पोलिसांना कळवीन." आणि फोन आपटला गेला. दिवसभर लोकांना शांत करणाऱ्या रुइफांगला आयुष्यात पहिल्यांदा कुणाला शांत करता आलं नाही.

संध्याकाळी बालवाडीच्या फाटकाला नवं कुलूप होतं. केलीबाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "एक बाई... फोन..." त्यांनी कानाशी मूठ धरली. "वाईट बाई!"

पांगपांगने ताबडतोब दुभाष्याचं काम केलं. "आई, एक बाई तुझं सोंग करतेय! खोटी आई! तू घाबरू नकोस. मी लक्ष ठेवतो."

"बापरे," म्हणाली रुइफांग. दुसरं काय म्हणणार!

एवढ्यावर थांबतील तर त्या केलीबाई कसल्या? परक्या देशात भाषेवाचून एकटी पडलेली, त्यात कोणीतरी पाळतीवर असलेली ही बाई त्यांच्या मनाला चटका लावून गेली. शनिवारी सकाळी दारावर थाप पडली. बाहेर केलीबाईंनी इंग्रजी शिकवायला पाठवलेल्या, सत्तरीच्या, उंच, टोपीवाल्या एक बाई. काखेत चित्रांची पुठ्ठ्याची पानं आणि हातात भोपळ्याच्या गरम स्कोन्सचा, म्हणजे गोडसर छोट्या पावांचा डबा.

"मी नोएलीन," छातीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "मैत्रीण."

पांगपांग आईला चिकटून सोफ्यावर बसला. आईची पहिली शिकवणी बघायला मिळणार म्हणून त्याने नवा शर्ट घातला होता. त्याच्यादेखत खरं सांगणं शक्यच नव्हतं.

"हे सफरचंद आहे," नोएलीन म्हणाल्या.

"हे... सफरचंद... आहे," रुइफांग म्हणाली.

नोएलीनबाई एकदम थांबल्या. टोपी मागे सारून त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "पुन्हा म्हणा."

"हे सफरचंद आहे."

"वा! पुन्हा एकदा."

तिने ते वाक्य सहा-सात वेळा म्हटलं. पांगपांगने टाळ्या वाजवल्या. शिनयी उशीत तोंड खुपसून गदगदत होती. नंतर स्वयंपाकघरात येऊन ती म्हणाली, "रोज आइस्क्रीम मिळालं तर मी गप्प बसेन." आणि हे तिने चक्क चिनीत सांगितलं, त्यामुळे रुइफांगला धड रागावताही आलं नाही.

दुसऱ्या शनिवारी नोएलीनने चेहऱ्यांची चित्रं काढली. हसरा, रडका, जांभई देणारा. "तुम्ही... कशा आहात?"

हा प्रश्न रुइफांगला ऑफिसात रोज दहा जण विचारायचे. तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "अगदी मजेत, तुम्ही?" आणि विचारणारा तोवर पुढे गेलेला असायचा. पण ज्या बाईला इंग्रजी येत नाही, तिला असलं गुळगुळीत वाक्य कुठून सुचणार? नोएलीन पेन खाली ठेवून वाट बघत होत्या. रुइफांगने जांभई देणाऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"मी... दमली." मग रडक्यावर. "नवरा लांब. आई लांब. घर... गप्प."

बोलून झाल्यावर तिचे डोळे भरून आले, आणि कुणाला कळायच्या आत तिने चहा आणायच्या निमित्ताने आत पळ काढला. परत आली तेव्हा नोएलीन चित्रांकडे बघत होत्या.

"माझा नवरा मेला," त्या सावकाश म्हणाल्या. "घर मोठं. मी कुत्र्याशी बोलते. कुत्रा बहिरा."

दोघी हसल्या. त्यानंतर मात्र रुइफांग खरं सांगायची टाळाटाळ करू लागली. शनिवार कधी येतो असं तिला व्हायचं. आठवडाभर ती सफाईदार इंग्रजी बोलायची आणि त्यात स्वतःबद्दल अवाक्षर नसायचं. शनिवारी चार मोडके शब्द, आणि त्यांत सगळं मावायचं. खरं कळलं तर ही बाई उठून जाईल, या भीतीने तिने अगदी मन लावून चुका करायला सुरुवात केली.

मग बालवाडीचा साफसफाईचा दिवस उजाडला. पालकांनी जमून अंगण झाडायचं, वाळू बदलायची, कुंपण रंगवायचं. नोएलीनही मदतीला आल्या होत्या. रुइफांग घसरगुंडी पुसत असताना फाटकाकडून किंकाळी आली.

पांगपांगचं डोकं फाटकाच्या दोन गजांमध्ये अडकलं होतं.

"काय करत होतास?" ती चिनीत ओरडली.

"पहारा! खोटी आई आज येईल असं वाटलं, म्हणून वाकून रस्ता बघत होतो!"

केलीबाईंनी त्याच्या कानांना उन्हाचं क्रीम चोपडलं. कुणी लोणी आणलं, कुणी भांडी घासायचा साबण. पोरगं चकाकायला लागलं, पण डोकं निघेना. शेवटी अग्निशमन दलाची गाडी आली. एका दांडग्या जवानाने गज कापायचं यंत्र बाहेर काढलं, चालू केलं आणि पांगपांगच्या कानापासून वीतभर अंतरावर आणलं.

रुइफांगचं भान सुटलं.

"बंद करा ते! आधी बंद करा! लहान मुलाच्या कानाजवळ पातं चालवायची परवानगी तुम्हाला कुणी दिली? डोळ्यांवर कापड नाही, कानांवर काही नाही! तुमचं नाव काय? वरिष्ठ कोण? गज फाकवायचा जॅक गाडीत असताना कापायचं कारण काय, ते मला आत्ता, इथे, स्वच्छ शब्दांत सांगा!"

यंत्र बंद झालं. जवान जॅक आणायला धावला.

"हा आवाज!" केलीबाईंच्या हातातला साबण गळून पडला. "फोनवरची बाई! तीच ही!"

गजांमधून पांगपांगने भोकाड पसरलं. "खोटी आई! हिला इंग्रजी येतंय! ही माझी आई नाही! माझी आई कुठंय?"

रुइफांग जागच्या जागी खिळली. दिवसभर लोक तिला काय वाट्टेल ते बोलायचे, पण ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्यानेच चारचौघांत तिला ओळख दाखवली नाही. ती चिखलात गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या क्रीम लावलेल्या कानाशी चिनीत म्हणाली, "अरे ढोल्या, हनुवटी वळव. घरी चल, नूडल्स करते. आणि पुन्हा कशात डोकं घातलंस तर तुझ्या आजीला सांगेन."

रडणं थांबलं. "आईच आहे," त्याने जाहीर केलं. जॅकने गज फाकले आणि पांगपांग सुळकन बाहेर येऊन तिच्या गळ्यात पडला.

"पण मग हे इंग्रजी?" केलीबाईंनी विचारलं.

रुइफांगने तोंड उघडलं, पण तिच्याआधी नोएलीन पुढे आल्या, टोपी नीट करत. "माझी शिकवणी! दुसरं काय? फोन तिनेच केला असणार, सराव म्हणून. मीच सांगितलं होतं."

"इतक्या लवकर?"

"शिकवणारी कोण आहे!"

केलीबाईंनी एकेकीला बोलावून हे वर्तमान सांगितलं. पांगपांग विचार करून आईच्या कानात कुजबुजला, "नवीन आहे ना तुझं इंग्रजी? बाहेर वापर. घरी नको, दमशील." शिनयीने आभाळाकडे बघितलं, पण आइस्क्रीमला जागून गप्प राहिली.

माणसं पांगल्यावर नोएलीन आपल्या गाडीत झाडू ठेवत होत्या. रुइफांग जवळ गेली. घसा खाकरून तिने सुरुवात केली, "नोएलीन, झाल्या प्रकाराबद्दल मी मनःपूर्वक दिलगीर आहे. तुमच्या वेळेची आणि सहकार्याची मला संपूर्ण जाणीव—"

"हाच तो!" नोएलीन म्हणाल्या. "मागच्या वादळात माझा व्हरांडा उडाला. या आवाजाने माझ्याशी अर्धा तास गोड बोलून विम्याचा दावा फेटाळला. सफरचंद म्हणालीस तेव्हाच ओळखलं."

"पहिल्याच दिवशी? मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, जरा म्हणू दे सफरचंद. माझा व्हरांडा बुडवलाय, दोन-चार शनिवार तरी वसूल करावेत." त्या हसल्या, मग हसणं ओसरलं. "आणि नंतर तू ते दमलेलं तोंड दाखवलंस. मग मला कुठं जावंसं वाटलं नाही, पोरी. पण आता सगळ्यांना कळलंय तुला इंग्रजी येतं. केली मला दुसरीकडे पाठवतेय, नेपाळहून कोणी आलीय."

रुइफांगने सांगायला तोंड उघडलं. व्याकरणशुद्ध, सफाईदार वाक्यं रांगेने आली, 'तुमचे आभार', 'पुढील कार्यासाठी शुभेच्छा', 'संपर्कात राहू'. त्यातलं एकही तिला म्हणायचं नव्हतं. आणि जे म्हणायचं होतं, ते या चांगल्या इंग्रजीत कसं म्हणतात, हे तिला खरंच येत नव्हतं.

"ऐकू दे की," नोएलीन म्हणाल्या. "पण त्या फोनवरच्या बाईला मधे आणू नकोस. मला ती आवडत नाही."

रुइफांगने गाडीचं दार घट्ट धरलं.

"शनिवार," ती म्हणाली. "तुम्ही येते. मी... वाट बघते."

"छे, छे! फारच कच्चं आहे," नोएलीन म्हणाल्या आणि झाडू पुन्हा बाहेर काढून तिच्या हातात दिला, कारण तो बालवाडीचा होता. "अजून वर्षानुवर्षं लागतील तुला. नेपाळवालीलाही घेऊन येते. स्कोन्स आता तू कर."