वाघोबाचा पंजा आणि चिमूटभर प्रसाद

एका जंगलात, बाळांनो, झुंजारराव नावाचा वाघ राज्य करायचा. त्याच्या पुढच्या उजव्या पंजात बाभळीचा काटा घुसला. काटा निघाला, पण जखम चिघळली. अस्वलवैद्यांनी होती नव्हती ती सगळी औषधं दिली. जखमेतले जंतू ती पचवून ढेकर देऊ लागले.

"आता काही लागू पडलं नाही, तर पंजा कापावा लागेल," अस्वलवैद्य म्हणाले.

त्याच जंगलात साळिंदरबाई संशोधन करायची. स्वभावाने भारी काटेकोर. साळिंदरच ती, दुसरं काय होणार? कुजक्या ओंडक्यावरच्या बुरशीतून तिने नवं औषध काढलं होतं. ते काम कसं करतं हे कळावं म्हणून ती तीन वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. शेवटी तिला कळलं. जंतू स्वतःभोवती भिंत बांधतो. औषध ती भिंत पुरी होऊच देत नाही, मग जंतू फटदिशी फुटतो. पहिला जंतू फुटला तेव्हा बाई इतकी नाचली, की शेजारच्या सशाला तिचे काटे टोचले.

तिने वाघाला औषध दिलं.

"महाराज, सात दिवस घ्यायचं. दोन दिवसांत बरं वाटेल, तरी थांबायचं नाही. कच्चे जंतू आधी मरतात, पक्के मागे राहतात. मध्येच सोडलंत तर पक्क्यांचाच वंश वाढेल."

"बरं," वाघ म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी सूज उतरली. वाघ टुणटुण उड्या मारत दरबारात आला. माकडांनी ताशे बडवले. कोल्हा प्रधान पुढे झाला.

"महाराज, इतकं गुणकारी औषध एकट्याने खाणं तुम्हाला शोभत नाही. उरलेलं प्रसाद म्हणून वाटून टाकू."

वाघाला ते फारच आवडलं. आपण किती उदार आहोत या विचाराने त्याचा ऊर भरून आला.

साळिंदरबाई आडवी आली. "महाराज, ते औषध आहे, शिरा नव्हे."

"प्रसादाला नाही म्हणू नये हो बाई," कोल्हा म्हणाला.

रांग लागली. कुणाला शिंक आली होती, कुणाला काहीच झालं नव्हतं. प्रत्येकाच्या पंजावर एकेक चिमूट पडली. मगरीने घरच्यांसाठी पानात बांधून घेतलं. एकट्या साळिंदरबाईनेच प्रसाद घेतला नाही. "चार बुकं शिकली की असं होतं," सगळे म्हणाले.

नवव्या दिवशी पंजा भोपळ्याएवढा सुजला. बाईने धावतपळत ताजं औषध केलं आणि त्याचा एक थेंब जखमेतल्या जंतूंवर टाकून पाहिला. जंतूंनी आता दुमजली भिंती बांधल्या होत्या. थेंब पडताच ते म्हणाले, "प्रसाद आला," आणि रांगेत उभे राहिले.

बाई रडली. खरंच रडली, बाळांनो. मग तिने डोळे पुसले आणि अस्वलवैद्यांना करवत आणायला सांगितली.

पंजा गेला. दरबाराने चौकशी केली आणि औषधातच दम नव्हता असं ठरवलं. राजाचा मान राखायचा म्हणून हल्ली सगळा दरबार तीन पायांवर चालतो. कोल्हा त्यात सगळ्यांत तरबेज आहे.

तात्पर्य : गुणकारी औषध सगळ्यांनी चिमूट चिमूट वाटून घ्यावं. म्हणजे ते निकामी झालं तरी आपल्याकडे बोट दाखवायला कुणी उरत नाही, आणि ज्याने शोधलं त्याच्या माथी खापर फोडता येतं.